जोहान्सबर्गच्या पुढचं विमान

मराठवाड्यातून आफ्रिकेचं जंगल बघायला निघालेल्या घरात सगळा खल एकाच तिकिटावर होतो: मुंबई ते जोहान्सबर्ग. दुबईमार्गे जावं की अदिस अबाबामार्गे, यात आठ-आठ दिवस जातात. प्रवास बिघडतो तो मात्र पुढच्या टप्प्यात, ३७ किंवा १२ आसनांच्या विमानापाशी. म्हणून हे परीक्षण त्या पुढच्या टप्प्याचं आहे. यात एअरलिंक ही कंपनी आहे, तिच्या आजूबाजूच्या एक-दोन कंपन्या आहेत आणि माउन, कसाने, व्हिक्टोरिया फॉल्स, स्कुकुझा, हुडस्प्रेट असे छोटे विमानतळ आहेत. दक्षिण आफ्रिका हा एक देश. बोत्स्वाना, झिम्बाब्वे, झांबिया, नामिबिया हे त्याचे शेजारी, आणि प्रत्येकाचे व्हिसाचे नियम वेगळे. तिकीट काढताना हा फरक डोक्यात पक्का असू द्या.

आधी निकाल सांगतो. या भागात फिरायचं तर एअरलिंक पहिली पसंती. तिची विमानं ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची आहेत. नांदेडहून स्टार एअरनं उडालेल्यांना हे घराणं ओळखीचं आहे. सगळ्यात लहान ईआरजे १३५ मध्ये ३७ आसनं, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. मोठ्या ई-१९० मध्ये दोन-दोन. म्हणजे मधल्या आसनाची कटकट दोन्हींत नाही. एकट्यानं प्रवास करणाऱ्यानं ईआरजेमध्ये एकेरी बाजूची जागा घ्यावी. खिडकी आणि वाट दोन्ही एकाच आसनाला मिळतात. मात्र ईआरजेमध्ये डोक्यावरचे सामानाचे कप्पे फक्त दुहेरी आसनांच्या बाजूला असतात आणि तेही अरुंद. आपल्या नेहमीच्या केबिन ट्रॉली त्यात मावत नाहीत. त्या विमानाच्या जिन्यापाशी काढून घेतात, पोटात ठेवतात आणि उतरल्यावर तिथंच परत देतात. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, पैसे, कॅमेरा आणि पॉवर बँक एका छोट्या खांद्याच्या पिशवीत वेगळी ठेवा. जिन्याखाली उभं राहून बॅग उघडायची आणि मागच्या रांगेला ताटकळत ठेवायचं, हे टळेल. पॉवर बँक पोटातल्या सामानात चालतच नाही.

सामानाचं गणित नीट समजून घ्या, कारण निम्मा त्रास इथंच होतो. मुंबईहून आखाती कंपनीच्या तिकिटावर बऱ्याचदा २५-३० किलो मिळतात आणि माणूस तेवढं भरतो. एअरलिंकच्या इकॉनॉमीत साधारण २० किलो असतात. आपल्या तिकिटावर काय छापलंय ते बघूनच ठरवा. पुढे बोत्स्वानातल्या ओकावांगो या पाणथळ जंगलातल्या छावणीत जायचं असेल तर माउनहून सेस्ना कॅराव्हॅन हे १२ आसनांचं किंवा त्याहूनही छोटं विमान असतं. तिथं सगळं मिळून २० किलो, आणि यात हातातली पिशवी आणि कॅमेराही आला. बॅग मऊ कापडाची, चाकं आणि कडक सांगाडा नसलेली लागते. माप साधारण २५ सेंमी रुंद, ३० सेंमी उंच, ६२ सेंमी लांब. गुलमंडीत मिळणारी साधी डफल बॅग या कामाला महागड्या ट्रॉलीपेक्षा चांगली. कडक बॅग का चालत नाही? कॅराव्हॅनच्या पोटाखाली एक बुटका सामानकप्पा असतो आणि त्याचं दार लहान. मऊ बॅगा दाबून, तिरप्या सारून त्यात बसवतात; कडक पेटी दाबता येत नाही. ती माउनलाच ठेवून जावं लागतं.

नियम सोपा आहे: प्रवासातलं सगळ्यात छोटं विमान कोणतं ते आधी शोधा आणि तिथून मागे मोजत या. चिकलठाण्याहून मुंबईला विमानानं जाणार असाल तर देशांतर्गत तिकिटाला साधारण १५ किलो सामान आणि हातात ७ किलो मिळतात. तेवढ्यात बसणारा माणूस हातातलं दोन किलो कमी केलं की थेट ओकावांगोच्या धावपट्टीपर्यंत निर्धास्त. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई गाठणाऱ्यांना रेल्वेत वजनाची भीती नसते आणि नेमके तेच पुढे अडकतात.

छोट्या विमानात वजनाचा एवढा काटेकोरपणा का, हे मराठवाड्याच्या माणसाला लगेच पटेल. माउन समुद्रसपाटीपासून सुमारे ९४३ मीटर उंचावर आहे आणि ऑक्टोबरमध्ये तिथं आपल्या उन्हाळ्यासारखं कडक ऊन असतं. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. ३८ अंशांच्या दुपारी माउनची हवा विमानाला सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या हवेसारखी लागते. त्यात छावणीची धावपट्टी मातीची आणि आखूड. म्हणून वैमानिक प्रत्येक किलो मोजतो. बुकिंगच्या वेळी प्रवाशाचं वजन विचारतात, ते खरं सांगा. लाजून दहा किलो कमी सांगितलं तर इंधन आणि आसनांची मांडणी दोन्ही चुकतात. १०० किलोच्या वर वजन असेल तर आधीच कळवावं लागतं. कधी कधी जास्तीच्या आसनाचे पैसे द्यावे लागतात.

माउनचा विमानतळ छोटा आहे. मोठ्या विमानातून उतरून पासपोर्टचा शिक्का घेतला की छोट्या विमानवाल्या कंपनीचा माणूस पाटी घेऊन उभा असतो. ही विमानं फक्त उजेडात उडतात, कारण छावणीच्या पट्ट्यांवर दिवे नसतात. वाटेत दोन-तीन ठिकाणी उतरत, प्रवासी सोडत-घेत जातात. नेमकी वेळ बहुतेकदा आदल्या संध्याकाळी कळते. दुपारच्या उन्हात धक्के बसतात. पोट ढवळत असेल तर गोळी उडण्याआधी अर्धा तास घ्या. जोहान्सबर्गहून सकाळचंच विमान धरा. संध्याकाळी माउनला पोचलात तर मुक्काम तिथंच आणि छावणीची एक रात्र वाया. आणखी एक बारीक गोष्ट. माउनचा कोड एमयूबी आहे. घाईत तो मुंबईचा वाटतो. मुंबईचा कोड बीओएम.

सकाळच्या विमानाचं दुसरं कारण वळीव. जोहान्सबर्गच्या पठारावर ऑक्टोबर ते मार्च दुपारनंतर अगदी आपल्या मे महिन्यासारखे ढग दाटतात आणि कडकडाट सुरू होतो. विजा चमकत असल्या की मैदानावरची माणसं आत घेतात, तोवर सामान चढत नाही, इंधन भरत नाही. दुपारी तीननंतरची विमानं या दिवसांत लटकतात.

आता जोहान्सबर्गचा ओ. आर. टांबो विमानतळ. उंची १,६९४ मीटर. इथली हवा विरळ, म्हणून एक धावपट्टी तब्बल ४,४२१ मीटर लांब आहे, चिकलठाण्याची २,८३५. पाट्या स्वच्छ इंग्रजीत आहेत, शोधाशोध होत नाही. चुका होतात त्या दोन गोष्टी न कळल्यामुळे.

पहिली: पुढे दुसऱ्या देशात जायचं (माउन, कसाने, व्हिक्टोरिया फॉल्स, लिव्हिंगस्टन) आणि तिकीट एकाच पीएनआरवर असेल, तर इमिग्रेशनच्या बाहेर न पडता आतूनच विमान बदलता येतं. बॅग थेट पुढे जाते. एमिरेट्स आणि कतार एअरवेज या दोघींची एअरलिंकशी जोडणी आहे, त्यामुळे असं एकत्र तिकीट मिळतं. पण दोन हजार रुपये वाचवायला पुढचं तिकीट वेगळं काढलंत तर बॅग जोहान्सबर्गच्या पट्ट्यावर येऊन पडते. तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि पलीकडे जायला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा हवा. व्हिसा नसेल तर अडचण मोठी आहे आणि मुंबईच्या काउंटरवरच विमानात चढू न देण्याची शक्यता असते. एकत्र तिकीट असलं तरी मुंबईत बॅगेला लावलेल्या टॅगवरचा शेवटचा कोड वाचा. तिथं एमयूबी (माउन) किंवा व्हीएफए (व्हिक्टोरिया फॉल्स) हवा. जेएनबी (जोहान्सबर्ग) दिसला तर काउंटर सोडू नका, टॅग बदलून घ्या.

दुसरी: पुढचा टप्पा दक्षिण आफ्रिकेतच असेल, म्हणजे क्रूगर राष्ट्रीय उद्यान किंवा केपटाउन, तर टॅगवर काहीही लिहिलेलं असो, देशात पहिलं पाऊल पडतं तिथं बॅग हातात घेऊन कस्टम्स ओलांडायचं आणि ती पुन्हा जमा करायची. पासपोर्टची रांग धरून यासाठी तीन तास हाताशी ठेवा. दोन तासांचं जोडतिकीट वेबसाइट विकते म्हणून ते जमेलच असं नाही. आतल्या आत बदलणाऱ्यांना दोन तास पुरतात.

जोहान्सबर्गला लान्सेरिया नावाचा दुसरा विमानतळही आहे, शहराच्या वायव्येला. फ्लायसफेअरसारख्या स्वस्त कंपन्या तिथूनही उडतात. शोधताना ‘जोहान्सबर्ग’ टाकलं की दोन्ही दिसतात आणि लान्सेरियाचं तिकीट पाच-सातशे रुपयांनी स्वस्त दिसलं की बोट तिकडे जातं. दोघांत रस्त्यानं सुमारे तासाभराचं अंतर आहे, गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. कोड बघा: जेएनबी म्हणजे ओ. आर. टांबो, एचएलए म्हणजे लान्सेरिया. नामिबियातही हीच गत. विंडहुकचा मोठा होसेआ कुटाको विमानतळ शहरापासून सुमारे ४५ किमीवर आहे, तर छोटी विमानं शहरातल्याच एरॉस विमानतळावरून निघतात.

फ्लायसफेअर केपटाउन, डर्बनसाठी ठीक. बोइंग ७३७ विमानं, साधा कारभार, पण चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे. ते धरून मगच एअरलिंकशी तुलना करा. बऱ्याचदा फरक उरत नाही. एअर बोत्स्वानाचा ताफा लहान आहे. लहान ताफ्यात एक विमान दुरुस्तीला गेलं की बदली विमान नसतं आणि वेळापत्रक सरकतं. तिच्या विमानाला जोडून त्याच दिवशी मुंबईचं विमान ठेवू नका, मध्ये एक रात्र सोडा.

जुन्या माहितीवर तिकिटाचा बेत आखू नका, हेही कळकळीनं सांगतो. एसए एक्सप्रेस २०२० मध्ये थांबली, मँगो आणि एअर नामिबिया २०२१ मध्ये, कुलुला चालवणारी कॉमएअर २०२२ मध्ये. इंटरनेटवर अजून त्यांचे गोडवे सापडतात. २०१७ मध्ये उडान योजनेतून नांदेड-हैदराबाद सुरू करणारी ट्रूजेट पुढे कशी बंद पडली हे पाहिलेल्या नांदेडकरांना याचा अर्थ सांगायला नको. छोट्या कंपनीचं तिकीट सहा महिने आधी काढायचं तर क्रेडिट कार्डावर काढा. सेवा मिळाली नाही तर निदान बँकेकडे दाद मागता येते.

क्रूगरसाठी तीन विमानतळ आहेत आणि ‘क्रूगरचं विमान’ असं मोघम बोलून तिकीट काढणारे फसतात. स्कुकुझा प्रत्यक्ष उद्यानाच्या आत. तिथं उतरून दहा मिनिटांत प्राणी दिसू शकतात. दक्षिण भागातल्या मुक्कामांना हाच सर्वांत सोयीचा, भाडं मात्र जास्त. हुडस्प्रेटचा ईस्टगेट विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. टिंबावाटी हे खासगी अभयारण्य आणि क्रूगरचं ओर्पेन फाटक यांकडे जाणाऱ्यांसाठी तो बरोबर. तिसरा क्रूगर म्पुमालांगा, म्बोम्बेला शहराजवळ, गवती छपराचा देखणा विमानतळ. स्वतः गाडी चालवणाऱ्या कुटुंबाला आम्ही हाच सुचवू. रस्ता आपल्यासारखाच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. फक्त उद्यानाची फाटकं ठरलेल्या वेळी बंद होतात, त्यामुळे दुपारनंतर उतरू नका.

व्हिक्टोरिया धबधब्यालाही तीन दारं. झिम्बाब्वेचा व्हिक्टोरिया फॉल्स विमानतळ गावापासून सुमारे २० किमी, इमारत २०१६ ची, प्रशस्त. झांबियाचा लिव्हिंगस्टन गावाला लागूनच. बोत्स्वानाचा कसाने चोबे उद्यानातल्या हत्तींसाठी उत्तम, पण धबधब्यापर्यंत ८० किमीच्या आसपास रस्ता आणि मध्ये सीमा. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी डोळे झाकून झिम्बाब्वेची बाजू घ्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबेझी नदीचं पाणी उतरतं आणि झांबियाच्या बाजूचे कडे जवळपास कोरडे पडतात. एप्रिल-मेमध्ये उलट: पाणी इतकं की तुषारांमुळे समोरचं दिसत नाही. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच भिजवतात.

अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड सोबत ठेवा. ते जाताना विचारतात आणि परत येताना मुंबईतही विचारू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तारीख आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की कार्ड आयुष्यभर चालतं.

खाण्याचं: एअरलिंकमध्ये हलका नाश्ता मिळतो, पण शाकाहारी माणसानं त्यावर विसंबू नये. धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी दोन दिवस सहज टिकते. पेढे, खवा, ताजी फळं मात्र नेऊ नका. बोत्स्वानाच्या खेड्यांचा बराच व्यवहार गुरांवर चालतो, त्यामुळे लाळ्या-खुरकतीच्या भीतीनं दूध-मांसाच्या पदार्थांवर तिथं कडक नजर असते.

परतीला बोत्स्वानाच्या ताडपात्यांच्या विणलेल्या टोपल्या घ्यायच्या असतील तर छावणीत न घेता माउनला छोट्या विमानातून उतरल्यावर घ्या. वजनाला हलक्या असल्या तरी कॅराव्हॅनच्या कप्प्यात त्या चेपतात. लहान टोपली मोठीत बसवून त्यांत कपडे भरले की एअरलिंकच्या पोटातही शाबूत येतात.