अँकी: मुलांच्या हाती द्यावं असं साधन, पण बेतानं

उजळणी कधी करायची हे मुलांनी स्वतः सांभाळावं, यासाठी अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं (पुढे प्रश्न, मागे उत्तर) सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे. आधी उत्तर मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि कितपत आठवलं हे सांगणाऱ्या चार बटणांपैकी एक दाबायचं. त्यावरून पुढची उजळणी किती दिवसांनी हे ठरतं. खरी किंमत या बटणाचीच: आपल्याला कितपत येतं, हे मूल स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल करायला शिकतं.

घोळ होतो तो कार्ड लिहिताना. पुढे "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?" आणि मागे धड्यातला अख्खा परिच्छेद! अर्धं आठवलं, अर्धं नाही, मग बटण कोणतं दाबायचं? त्याचे तुकडे करा: कोणता वायू आत घेतला जातो, कोणता बाहेर पडतो, हरितद्रव्याचं काम काय. एखादं कार्ड ८ वेळा विसरलं की अँकी त्यावर 'लीच' (म्हणजे जळू) अशी खूण करतं. तेव्हा घोकंपट्टी वाढवू नका, कार्डच नव्यानं लिहा.

दिवसाला २० नवी कार्डं ही मूळ सेटिंग शाळकरी मुलांना जड जाते. उजळण्यांचा ढीग साचतो आणि मूल अँकी उघडायचंच सोडून देतं. ५ पासून सुरुवात करा. इतरांनी केलेले कार्डांचे तयार संचही शक्यतो नकोत, कारण प्रश्न घडवतानाच निम्मा अभ्यास होतो.

निबंध, प्रयोग, चर्चा हे अँकीच्या आवाक्यातलं नाही. गणिताची सूत्रं लक्षात राहतील, पण उदाहरणं वहीतच सोडवावी लागतील.