इंग्लंडच्या कॉमनवरचे मातीचे उंचवटे आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचा लायडर नकाशा (५ पैकी ४ स्टार)

सगळ्यात आधी महत्त्वाचं. ही वेबसाईट फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. माळावर गवताखाली एखादा लांबट उंचवटा दिसला की ज्याला चैन पडत नाही त्याने ही उघडायलाच हवी. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे स्कॅन करून आजच्या नकाशावर जागच्या जागी बसवलेत हे बऱ्याच जणांना माहितीये, पण त्याच नकाशाखाली लायडरचा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा, थर लावता येतो हे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते साईटची खरी ताकद तिथेच आहे. नावात स्कॉटलंड असलं तरी इंग्लंड आणि वेल्सही यात आहे, त्यामुळे नाव बघून परत फिरू नका.

आता हा रिव्ह्यू उंचवट्यांच्या वादाला धरून का लिहितोय ते सांगतो. इंग्लंडमध्ये कॉमन म्हणजे आपल्या गायरानासारखी सामाईक चराऊ जमीन, पिढ्यानपिढ्या नांगर लागलेला नाही, म्हणून शेतात जे कधीच सपाट झालं असतं ते तिथे टिकून राहिलंय. आणि टिकलंय म्हणूनच भांडण आहे. एकच लांबट ढिगारा एकजण नवाश्मयुगीन थडगं म्हणतो, दुसरा लढाईत मेलेल्यांना पुरलेली जागा म्हणतो, तिसरा म्हणतो सशांसाठी बांधलाय, चौथा म्हणतो दुसऱ्या महायुद्धात सैन्याने खणलेली माती. गंमत वाटेल पण यातलं काहीच अशक्य नाही!

सशांचं ऐकून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटतं, म्हणून जरा थांबतो इथे. ससा हा इंग्लंडात नॉर्मन लोकांच्या काळात, १२व्या शतकाच्या सुमारास आणला गेला, मांस आणि कातडं दोन्हीला भाव होता, पण तिथली थंड ओली जमीन त्याला मानवत नव्हती. मग जमीनदारांनी त्याच्यासाठी खास मऊ मातीचे उंचवटे बांधले, आत दगडांनी झाकलेल्या बिळांच्या वाटा, भोवती पाणी निघून जायला चर. यांना पिलो माऊंड म्हणतात. दिसायला लोडासारखे, साधारण १५ ते ४० मीटर लांब, ५ ते १० मीटर रुंद. डार्टमूरच्या माळरानावर डिट्सवर्दीसारख्या वॉरनमध्ये, म्हणजे ससे पाळायच्या जागेत, तर सगळा डोंगरउतार त्यांनी भरलाय. पण ओ. जी. एस. क्रॉफर्ड, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचे पहिले पुरातत्त्व अधिकारी, त्यांनी १९२०च्या दशकात हा प्रकार वेगळा काढेपर्यंत यातले कितीतरी उंचवटे सरसकट थडगी म्हणून खपत होते. जुन्या नकाशांवर गॉथिक अक्षरात छापलेलं 'ट्युम्युलस' (थडग्याचा उंचवटा) दिसलं की लोक आजही तो शेवटचा शब्द मानतात, आणि तिथेच गाडी अडते.

साईट वापरायची कशी ते बघा. जिओरेफरन्स्ड मॅप्सचा व्ह्यूअर उघडा, गावाचं नाव टाका, वरच्या थराला सहा इंची किंवा पंचवीस इंची (मैलाला तेवढे इंच) जुना नकाशा निवडा, खालच्या थराला लायडर डीटीएम, म्हणजे झाडझाडोरा वगळून उरलेली नुसती जमीन. मग पारदर्शकतेची पट्टी सरकवायची. जुना नकाशा हळूहळू विरतो आणि खालून जमिनीचा नुसता सांगाडा वर येतो, झाडं नाहीत, गवत नाही, फक्त चढउतार. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो खरंच. साईड बाय साईड पण आहे, डावीकडे नकाशा उजवीकडे लायडर, दोन्ही एकदमच हलतात, मोठ्या स्क्रीनवर मला तेच जास्त आवडतं कारण पट्टी मागेपुढे करत बसावं लागत नाही.

हा डेटा येतो कुठून, तर इंग्लंडपुरता एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या विमान सर्व्हेतून. विमानातून लेझरचे ठोके जमिनीवर मारतात, परत यायला लागलेल्या वेळावरून उंची काढतात, पानगळीनंतर हिवाळ्यात उडतात म्हणजे झाडांच्या फांद्यांमधून जास्त ठोके मातीपर्यंत पोचतात. पूर, किनारपट्टी वगैरे कामांसाठी मुळात हे सुरू झालं, २०१५ला डेटा सगळ्यांना खुला केला, २०१६पासून अख्खं इंग्लंड १ मीटरच्या चौकटीत मोजायचा कार्यक्रम घेतला. उंचीतली चूक साधारण १५ सेंटीमीटरच्या आत. म्हणजे जेमतेम गुडघाभर उरलेला पिलो माऊंड, जो चालताना पायाला कळतो पण डोळ्याला दिसत नाही, तो इथे स्वच्छ दिसू शकतो.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो मिंचिनहॅम्प्टन कॉमनवर. ग्लॉस्टरशरमधलं स्ट्राउडजवळचं पठार, १९१३पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे, आजही दरवर्षी १३ मेच्या सुमारास तिथे गुरं चरायला सोडतात. या एका माळावर काय काय आहे बघा. बुलवर्क्स नावाचा लांबच लांब बांध आणि खडकात खोदलेला चर. व्हाइटफील्ड्स टम्प नावाचा उंचवटा, ज्याला पुरातत्त्ववाले लाँग बॅरो म्हणजे नवाश्मयुगीन थडगं मानतात, आणि ज्यावर उभं राहून १८व्या शतकात जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकाने प्रवचन दिलं म्हणून त्याचं नाव चिकटलं. शिवाय सशांचे पिलो माऊंड, दगडखाणींचे खड्डे आणि त्यांच्या कडेचे ढीग, जुन्या गाडीवाटांच्या खोलगट रेघा, आणि १८८९पासूनचा गोल्फ कोर्स! बुलवर्क्सबद्दल दंतकथा डेन लोकांशी (व्हायकिंगांशी) झालेल्या लढाईची आहे, पण पुरातत्त्वज्ञ एल्सी क्लिफर्ड यांनी १९३०च्या दशकात तिथे खोदकाम केलं आणि तो लोहयुगाच्या अखेरचा, रोमन येण्याच्या आसपासचा ठरवला.

लायडरवर हे सगळं एकाच पानावर समोर येतं आणि तिथे या साधनाची कमाल कळते. कोण कोणाला कापतं ते दिसतं. गाडीवाट बांधाला फोडून गेली असेल तर बांध आधीचा. खाणीच्या खड्ड्याने उंचवट्याचं टोक खाल्लं असेल तर खाण नंतरची. यात तारीख नाही मिळत पण क्रम मिळतो, आणि वादात अर्धी लढाई क्रमाचीच असते. गावातला माणूस म्हणतो हे ढीग गोल्फवाल्यांनी केले, तर जुना सहा इंची नकाशा लावून बघायचं, ग्लॉस्टरशरचा तो पहिला सर्व्हे गोल्फच्या आधीचा आहे, त्यावर ढीग असेल तर विषयच संपला. उलटं मात्र चालत नाही. नकाशावर नाही म्हणून तेव्हा नव्हताच असं म्हणू नका, सर्व्हेवाल्यांना कमी उंचीचे उंचवटे सुटायचे किंवा ते सोडून द्यायचे.

आकारावरूनही बरंच काही कळतं. लाँग बॅरो बहुतेक वेळा एका टोकाला रुंद आणि उंच असतो, दुसरीकडे निमुळता होत जातो. पिलो माऊंड दोन्हीकडे सारखा, कडा सरळ, भोवती अरुंद चर, आणि बऱ्याचदा उताराच्या दिशेने घातलेला म्हणजे पाणी साचत नाही. कांस्ययुगीन बॅरो गोल असतो, आणि त्याच्या डोक्यावर खळगा दिसला तर १८-१९व्या शतकातल्या हौशी खणणाऱ्यांनी खजिन्यासाठी किंवा हाडांसाठी मधोमध भोक पाडलं असण्याची शक्यता मोठी. गोल उंचवट्याच्या मध्यावर फुलीसारखा खळगा असेल तर तिथे लाकडी पवनचक्की असू शकते, तिच्या खालच्या आडव्या तुळयांची ती खूण. महायुद्धातले चर वेगळेच, शत्रूची ग्लायडर विमानं उतरू नयेत म्हणून मोकळ्या माळांवर सरळ रेघेत खणलेले, बाजूला मातीचे ढीग. सटन हूसारख्या नावाजलेल्या जागेवरूनसुद्धा असे चर गेलेत!

एवढं सगळं असून एक स्टार का कापला?

पहिलं कारण प्रकाश. लायडरचं चित्र म्हणजे उंचीच्या आकड्यांवर कॉम्प्युटरने पाडलेली सावली असते, आणि उजेड ज्या दिशेने धरलाय त्याच दिशेत एखादा बांध पडला तर त्याची सावली पडत नाही, तो पुसट होतो किंवा गायबच होतो. या व्ह्यूअरमध्ये उजेडाची दिशा आपल्याला फिरवता येत नाही. त्यासाठी मूळ डेटा सरकारी साईटवरून ५ किलोमीटरच्या तुकड्यांत उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावा लागतो, तोही फुकटच आहे, आणि स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी बनवलेलं आरव्हीटी नावाचं टूल घेतलं तर आकाश किती मोकळं दिसतं त्या हिशोबाने चित्र काढता येतं, त्यात दिशेचा प्रश्नच येत नाही. पण हे करायला चांगला कॉम्प्युटर हवा आणि शिकायला वेळ हवा, सगळ्यांना जमेल असं नाही.

दुसरं म्हणजे झुडपं. डीटीएम बनवताना झाडझाडोरा गणिताने वगळतात, पण गोर्ससारखं दाट काटेरी झुडूप असेल तर लेझर मातीपर्यंत पोचतच नाही आणि गणित झुडपालाच जमीन समजतं. मग कॉमनवर मस्त गोलगोल उंचवट्यांचा समूह दिसतो जो प्रत्यक्षात नसतोच. असं काही सापडलं की लगेच हवाई फोटोचा थर लावून बघा, हिरवा काळपट ठिपका बरोबर त्याच जागी असेल तर सोडून द्या. गोल्फचे टी, म्हणजे पहिला फटका मारायचे चौथरे, तेसुद्धा असेच फसवतात, आयताकृती, सपाट डोक्याचे, लायडरवर हुबेहूब पिलो माऊंड.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, मात्र तो दोष साईटचा नाही, ती वापरणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे. लायडर वय सांगत नाही. कधीच नाही. आकार बघून छातीठोक निकाल देणारे लोक वाढलेत आणि त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं की सशांच्या रखवालदारांनी मेहनत वाचवायला तयार प्रागैतिहासिक थडगीसुद्धा वापरली, मग तो उंचवटा थडगंही आहे आणि ससेघरही, दोन्ही बाजू बरोबर. खरा निकाल खोदकामातच, खालच्या जुन्या मातीतल्या कोळशाचं रेडिओकार्बन किंवा वाळूच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला ते मोजणारी पद्धत. तोपर्यंत 'बहुधा' हा शब्द सोडू नये.

इथे मला राहवत नाही म्हणून आपल्याकडचं सांगतो. नागपूरजवळ जुनापाणीला जवळजवळ ३०० शिळावर्तुळं आहेत, रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९व्या शतकात त्यातली काही उघडली, १९६१-६२च्या सुमारास बी. के. थापर यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे खोदकाम केलं. लोकपरंपरा ती गवळ्यांची म्हणते, खोदकामाने लोहयुगातली दफनं दाखवली. पण आपल्याला घरबसल्या फुकट मिळणारा उंचीचा डेटा, म्हणजे इस्रोच्या भुवन या नकाशा साईटवरचा कार्टोडेम, ३० मीटरच्या चौकटीचा आहे, त्यात अख्खं शिळावर्तुळ एकाच पिक्सेलमध्ये मावतं! १ मीटरचा डेटा विदर्भापुरता जरी खुला झाला तरी किती वर्तुळं नव्याने सापडतील, आणि रस्ते-प्लॉटिंगच्या आधी सापडतील, हा विचार ही साईट वापरताना डोक्यातून जात नाही.

पर्याय म्हणून हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेचा एरियल आर्किऑलॉजी मॅपिंग एक्सप्लोरर बघा. तिथे तज्ज्ञांनी हवाई फोटो आणि लायडरवरून रेघा आधीच काढून ठेवल्यात आणि प्रत्येक रेघेमागे अंदाजही लिहिलाय. सोपं पडतं. पण मी आधी लायब्ररीची साईट उघडून स्वतः नजर टाकतो आणि मग तिथे पडताळतो, कारण दुसऱ्याचा अंदाज आधी वाचला की डोळ्याला तेच दिसायला लागतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर हिवाळ्याच्या शेवटी जा, गवत आणि ब्रॅकन (एक प्रकारचं नेचं) बसलेलं असतं आणि ऊन तिरपं असतं, तेव्हा पाऊण फुटाचा उंचवटाही सावली टाकतो. बऱ्याच जागा संरक्षित स्मारकं आहेत, १९७९चा कायदा लागू आहे, तिथे खणणं तर सोडाच, परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणंही गुन्हा. आणि स्क्रीनवर असं काही दिसलं जे कुठल्याच नोंदीत नाही, तर व्ह्यूअरच्या तळाशी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा सांगणारा क्रमांक, येतो तो उतरवून घ्या, दोन्ही थरांचे स्क्रीनशॉट काढा आणि त्या काउंटीच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डला, म्हणजे पुरातत्त्वाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, ईमेल करा. असल्या नोंदी ठेवणं हेच त्यांचं काम आहे. फक्त ईमेलमध्ये काय दिसलं तेवढंच लिहा, लांबी, रुंदी, दिशा, चर आहे की नाही. थडगं की ससेघर ते त्यांना ठरवू द्या.