लॅसिकला ८ महिने झाले, चष्मा गेला पण फ्लॅपबद्दल कोणी नीट बोलत नाही

गेल्या जुलैत नाशिकला दोन्ही डोळ्यांचं लॅसिक (चष्म्याचा नंबर काढायचं लेसर ऑपरेशन) केलं, नंबर -४.५ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर चष्म्याशिवाय कडक दिसला, तेव्हा आईसमोर रडलोच जवळपास. त्याबद्दल तक्रार शून्य.

पण फ्लॅप. काउन्सेलिंगला "दहा मिनिटांचं काम" एवढंच सांगितलं होतं, बाकी मी नंतर वाचलं. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, मुळात अर्धा मिलिमीटरच जाड, माझा ५२४ मायक्रॉन, त्यातला वरचा ११० चा थर (हाच फ्लॅप) लेसरने कापून झाकणासारखा उघडतात, एका बाजूला बिजागरी ठेवून, मग आतलं लेसरनेच घासून नंबर काढतात आणि झाकण परत बसवतात. टाके नाहीत! आतल्या पेशी सतत पाणी ओढत राहतात म्हणून फ्लॅप चिकटून राहतो. कडेला जखम भरते, मधे मात्र पूर्वीसारखा जोड कधीच येत नाही, जोरात मार लागला तर वर्षांनंतरही फ्लॅप सरकू शकतो. फ्लॅप आणि घासलेला भाग सोडून खाली किमान २५० मायक्रॉन तरी उरायला हवेत म्हणतात, बरेच डॉक्टर ३०० धरतात. माझे साधारण ३५० उरले म्हणून निवांत आहे, पण तुम्ही हा हिशोब आधी विचारा, पैशांचा नंतर.

खरा त्रास कोरडेपणाचा. कापताना कॉर्नियाच्या नसाही तुटतात, बिजागरीकडच्या तेवढ्या वाचतात, त्यामुळे डोळा कोरडा पडलाय हे डोळ्यालाच कळत नाही, पापण्याही कमी मिटतात. पहिले दोन महिने ड्रॉप टाकला तरी पडला की नाही समजायचं नाही! त्यात मी अंबडच्या एमआयडीसीत कामाला, दिवसभर एसी आणि स्क्रीन, बाहेर आलं की धूळ. दर तासाला ड्रॉप. आता दिवसाला तीन-चारवर आलंय, नसा परत वाढायला महिने लागतात, काहींना वर्ष-दोन वर्षंही.

नवरात्रात कालिकेच्या यात्रेत प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसत होतं, बायको म्हणाली तू फुकटात डबल लायटिंग बघतोयस. आता ते कमी झालंय, हायवेवर रात्री समोरून ट्रक आला तर अजून जाणवतं.

एक गोष्ट मला परवा कळली, तीही दुसऱ्याच डॉक्टरकडे. कॉर्निया पातळ झाला की डोळ्याचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतं. आमच्या आईला काचबिंदू आहे, त्यात या प्रेशरवरच लक्ष ठेवतात, म्हणजे मला हे कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं ना राव. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट जपून ठेवा, पुढे मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढतानाही लागतात.

आणि हो, यंदा रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेला जुना हौद) उडी मारली नाही. लहानपणापासून पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले होते हरकत नसावी, पण त्या गर्दीत कोणाचं कोपर कुठे बसेल सांगता येत नाही, मग काठावर उभा राहून पोरांचे मोबाईल सांभाळले.