नाशिकच्या कॉलेज रोडचं ॲडमिशन काउन्सिलिंग सेंटर: मॅडमला पाच स्टार, भिंतीला दोन

सेंटरचं नाव लिहीत नाही कारण खटकलेल्या गोष्टी पण लिहिणारे, आणि तसंही बारावीचा निकाल लागला की कॉलेज रोडपासून कॅनडा कॉर्नरपर्यंत असे बोर्ड दर दहा पावलांवर दिसतात, सगळ्यांचा कारभार साधारण सारखाच, त्यामुळे तुम्ही कुठल्याही सेंटरला गेलात तरी हे उपयोगी पडेल. आम्ही भाचीसाठी गेलेलो. तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय, दाजींना इंजिनिअरिंग हवंय (अंबडला कंपनीत आहेत, त्यांच्या दृष्टीने जगात दुसरं शिक्षणच नाही), आणि ताई म्हणाली तू मधे बस, दोघं गाडीतच भांडायला लागलेत.

तिसरा मजला, लिफ्ट आहे, पार्किंग नाही. आत एसी, चहा, बिस्किटं, आणि समोर अख्ख्या भिंतीभर फ्लेक्स. त्यावर मोठमोठ्या लोकांचे फोटो, खाली खासगी युनिव्हर्सिटीचं नाव, आणि वर ठळक अक्षरात "आमचे विद्यार्थी". आता आमचे म्हणजे नक्की कोणाचे? सत्या नडेलाची ॲडमिशन काय या लोकांनी करून दिली होती का? पण पालक येतात, त्या भिंतीकडे बघत बसतात, फोटो काढतात, आणि आत जाईपर्यंत निम्मे पटलेले असतात. माझ्या मते या सेंटरचा खरा माल ती भिंतच आहे, म्हणून रिव्ह्यू आधी भिंतीचा.

सुरुवात नडेलापासून कारण तो सगळ्यात मोठ्ठा छापलाय. मणिपालचा इंजिनिअर, मायक्रोसॉफ्टचा सीईओ. खरंय, शंभर टक्के खरंय. १९८८ ला त्याने मणिपाल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून इलेक्ट्रिकल केलं. फक्त तेव्हा ते कॉलेज मंगळूर विद्यापीठाला जोडलेलं होतं, मणिपालला डीम्डचा, म्हणजे स्वतःची डिग्री देण्याचा, दर्जा मिळाला १९९३ ला, म्हणजे डिग्री मंगळूर विद्यापीठाची, सरकारी. आणि पुढे? कॉम्प्युटर सायन्समधे मास्टर्स विस्कॉन्सिन-मिलवॉकीला, मग १९९२ ला मायक्रोसॉफ्ट, एमबीए शिकागोचं, सीईओ २०१४ ला. आता मणिपालचा यात वाटा नाही असं मी म्हणत नाहीये, चार वर्षं पोरगा तिथेच घडला, पण फ्लेक्सवर सरळ बाण काढलाय मणिपाल ते मायक्रोसॉफ्ट, मधलं सगळं गायब. गंमत म्हणजे त्याच कॉलेजचा राजीव सुरी त्याच २०१४ मधे नोकियाचा सीईओ झाला, आणि त्याच वर्षी नोकियाचा मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. एकाच कॉलेजचे दोघं, एक विकत घेणाऱ्याच्या खुर्चीत, एक विकणाऱ्याच्या. याच्यावर एखादी ओळ लिहिली असती तर मी उभी राहून वाचली असती, पण सुरीचा फोटो कोपऱ्यात पासपोर्ट साइज.

भाचीचं लक्ष मात्र विकास खन्नावर. तोही मणिपालचाच, वेलकमग्रुपच्या हॉटेल ॲडमिनिस्ट्रेशनच्या कॉलेजमधून १९९१ ला पास. अमृतसरचा पोरगा, जन्मतः पायाला दोष, आजीच्या किचनमधे आणि सुवर्णमंदिराच्या लंगरात वाढलेला, कॉलेजच्या आधीच घरून केटरिंग सुरू केलेलं. पुढे न्यूयॉर्कला गेला, २०१० च्या शेवटी जुनून नावाचं रेस्टॉरंट उघडलं आणि पुढच्याच वर्षी मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटवाल्यांचा जगातला मोठा मान. मग टीव्ही, पुस्तकं, एक सिनेमा पण डायरेक्ट केला. म्हणजे बघा, पास झाल्यापासून स्टार मिळेपर्यंत वीस वर्षं! फ्लेक्सवर ती वीस वर्षं एका डॅशमधे बसवलीत. मी भाचीला हळूच म्हटलं की तुला ती वीस वर्षं चालणारेत का ते विचार स्वतःला, तर म्हणे मावशी मला चालतील, पप्पांना विचार. दाजी तेव्हा बिस्किट खात होते.

पण या फोटोचा एक खरा फायदा झाला. आत गेल्यावर काउन्सिलर मॅडमने सांगितलं की त्या कॉलेजच्या नावातलं वेलकमग्रुप म्हणजे आयटीसीच्या हॉटेलांचा धागा आहे, त्यामुळे कुठल्याही हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजला फोन केलात की पहिला प्रश्न तोच विचारायचा, तुमच्यामागे कुठलं हॉटेल उभं आहे आणि पोरं ट्रेनिंगला नक्की कुठे जातात, कोणाचा फोटो आहे ते नका विचारू. हे वाक्य ऐकलं आणि मी खुर्ची पुढे ओढून बसले.

तर भिंत संपवते आधी. बिट्स पिलानीचा कप्पा मला आवडला. बाबा कल्याणी तिथले मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे अमेरिकेत एमआयटीला मास्टर्स, १९७२ ला भारत फोर्जमधे. (ही एमआयटी म्हणजे कोथरूडची नाही, शेजारी बसलेले काका ठामपणे तसं समजले होते.) आपल्याकडे सातपूर-अंबडला फोर्जिंग, मशिनिंग करणाऱ्या माणसाला हे नाव वेगळं सांगायला नको, दाजी लगेच ताठ झाले. पण वडिलांची कंपनी १९६१ पासून होती हे पण तिथेच लिहा की. कर्तृत्व त्यांचंच आहे, कंपनी कुठून कुठे नेली, पण बारावीच्या पोराला करिअरचा रस्ता म्हणून दाखवताय तर रस्ता सुरू कुठून होतो ते दाखवा.

त्याच्या शेजारी रेडबसवाला फणींद्र सामा. हा मात्र माझ्या मते अख्ख्या भिंतीवरचा सगळ्यात कामाचा फोटो. दिवाळीत बंगळूरहून घरी हैदराबादला जायला बसचं तिकीट मिळालं नाही, त्यातून २००६ ला कंपनी उभी केली, २०१३ ला आयबिबो कंपनीला विकली. द्वारका सर्कलला रात्री ट्रॅव्हल्सची वाट बघत उभं राहणाऱ्या प्रत्येक नाशिककराच्या फोनमधे आज ते ॲप आहे. आणि कंपनी काढणारे तिघंही बिट्सचे मित्र. इथे कॉलेजने नक्की काय दिलं ते दिसतं, पार्टनर दिले. हॉस्टेलला जी पोरं भेटतात त्यांच्याशी पुढे धंदा होतो, भांडण होतं, लग्नंही होतात, आणि ते कुठल्याच फी स्ट्रक्चरमधे लिहिलेलं नसतं. फ्लेक्सवर एकट्या सामाचा फोटो, बाकी दोघं गाळले. म्हणजे जे दाखवायचं तेच कापलं.

साबीर भाटिया पण बिट्समधे छापलाय, हॉटमेलवाला. तो तिथे दोनेक वर्षं होता आणि मग कॅलटेकला गेला, पुढे स्टॅनफर्ड. हॉटमेल १९९६ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टने घेतलं. अर्धवट सोडून गेलेल्याला ग्रॅज्युएट म्हणून लावणं हे म्हणजे लग्नाच्या अल्बममधे साखरपुड्यालाच परत गेलेल्या पाहुण्याचा फोटो लावण्यासारखं आहे.

नीरज चोप्रा, लव्हली प्रोफेशनल युनिव्हर्सिटी. पंजाबातल्या फगवाड्याची. विद्यार्थी होता हे खरं, पण २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर टाकून सुवर्ण घेतलं तो सुभेदार नीरज चोप्रा होता, २०१६ पासून आर्मीत. आपल्या चांदवडच्या दत्तू भोकनळला विचारा, आर्मीने रोइंग शिकवलं म्हणून रिओ ऑलिंपिकला गेला. खेळाडूला डिग्री हवी असते, युनिव्हर्सिटीला खेळाडू हवा असतो, व्यवहार दोघांच्या सोयीचा आहे, त्यात वाईट काही नाही. पण आमच्या शेजारच्या बाई मुलाला सांगत होत्या बघ, तिथे गेलास की असं होतं, आणि पोरगं बी.कॉम.ला चाललेलं.

आता वरचा कप्पा, स्टॅनफर्ड. (तीही खासगीच युनिव्हर्सिटी, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) इथून कोणी नाशिकचं पोरगं या सेंटरमार्फत स्टॅनफर्डला गेलंय का विचारलं तर रिसेप्शनवरचा मुलगा हसला फक्त. फोटो लावलेत अझीम प्रेमजी आणि मुकेश अंबानी. दोघंही शिक्षण अर्धवट सोडून आलेले! प्रेमजी १९६६ ला वडील गेले म्हणून एकविसाव्या वर्षी परत आले आणि कंपनी हातात घेतली, ती कंपनी म्हणजे अमळनेरची वनस्पती तुपाची, विप्रो हे नाव तिथूनच आलं. डिग्री पूर्ण केली पण कितीतरी वर्षांनी. अंबानी एमबीए सोडून आले. आणि ज्याचा फोटो नाशिकच्या सेंटरने सगळ्यात आधी लावायला पाहिजे तो माणूस भिंतीवर नाहीच, सुला वाइनवाला राजीव सामंत. स्टॅनफर्डला शिकला, ओरॅकलमधे नोकरी केली, ती सोडून इथे गंगापूर धरणाच्या बाजूला घरच्या जमिनीवर येऊन बसला, आंबा लावून बघितला, खायची द्राक्षं लावली, मग वाइनची द्राक्षं, आणि २००० साली पहिली वाइन बाजारात. इंजिनिअरिंगची डिग्री आणि धंदा शेतीचा. आज शनिवार-रविवारी अर्धी मुंबई गंगापूर रोडला ट्रॅफिक जाम करते ती याच्यामुळे. दारूचा फोटो कसा लावणार असं तो मुलगा म्हणाला. बरं.

सॅली राइड पण नाही. स्टॅनफर्डलाच फिजिक्स आणि इंग्लिश दोन्ही शिकली, पीएचडी केली, आणि कॉलेजच्या पेपरात नासाची जाहिरात वाचून अर्ज केला, १९८३ ला अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन बाई झाली. चांगलं कॉलेज म्हणजे माझ्या हिशेबाने हे, जिथल्या नोटीस बोर्डावर अशी जाहिरात लागते आणि पोरं ती वाचतात.

हे सगळं मी मॅडमना आत बोलून दाखवलं, वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या भिंत मालकांची आहे, मी तुम्हाला पीडीएफ दाखवते. आणि खरंच दाखवली. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगला कॉलेजं जी माहिती भरतात त्यात किती पोरं पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती हे वर्षवार असतं, आणि ती फाइल कॉलेजच्या वेबसाइटवर असते, बहुतेक तळाशी कुठेतरी बारीक अक्षरात. हायेस्ट पॅकेज बघायचं नाही, मीडियन बघायचा, म्हणजे ओळीत उभं केलं तर मधल्या पोराला किती मिळाले. एका कॉलेजची फ्लेक्सवरची रक्कम आणि फाइलमधली मधली रक्कम शेजारी ठेवली तेव्हा दाजी पहिल्यांदा गप्प बसले.

दुसरं त्यांनी जे सांगितलं ते नाशिकच्या पालकांनी लिहूनच ठेवा. खासगी आणि डीम्ड युनिव्हर्सिट्यांची ॲडमिशन राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी सामायिक प्रवेश फेरीतून, होत नाही, त्यांची त्यांची वेगळी. आणि कॅपमधून न गेलात तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीवर, लोक जिला ईबीसी सवलत म्हणतात तिच्यावर, पाणी सोडावं लागतं. तेच शिक्षण इथल्या के. के. वाघ इंजिनिअरिंग कॉलेजला कॅपमधून घेतलं तर घरातून जाणारा पैसा आणि खासगी युनिव्हर्सिटीत जाणारा पैसा यात केवढं अंतर पडतं ते त्यांनी कागदावर मांडून दिलं. हे त्यांच्या दुकानाच्या विरोधातलं आहे, तरी सांगितलं. हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी आयएचएमसाठी (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) वेगळी एन्ट्रन्स असते तेही त्यांनीच सांगितलं.

भाचीने विचारलं की मग त्र्यंबक रोडची संदीप युनिव्हर्सिटी किंवा अशी कुठलीही नवी असेल तर त्यांच्याकडे एवढे मोठे लोक कसे असणार? मॅडम म्हणाल्या नसणारच, पन्नाशीतली माणसं तयार व्हायला पन्नास वर्षं लागतात, नवीन ठिकाणी आत्ताच पास झालेल्या दोन-चार पोरांचा नंबर मागा आणि त्यांना फोन करा, सव्वीस वर्षांचा पोरगा काय करतोय त्यावरून तुम्हाला जास्त कळेल. मला हे एकदम पटलं. तसं बघायला गेलं तर जुन्या ठिकाणीही हेच करायला पाहिजे.

आता वाईट. मॅडम संपल्या की तुम्हाला दुसऱ्या केबिनमधे नेतात, तिथे सेल्सवाला. पॅकेज, फॉर्म भरणं, एसओपी (अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध), "शुअर सीट", आज भरलं तर डिस्काउंट उद्या नाही. पहिलं सेशन फ्री म्हणतात पण फाइल ओपनिंगचे पैसे मागतात. रिफंडचं विचारलं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमाचा कागद पुढे केला, तो नियम कॉलेजच्या फीचा आहे, या सेंटरच्या पॅकेजचा नाही, हे दोनदा सांगावं लागलं. आणि कुठल्या युनिव्हर्सिटीकडून तुम्हाला कमिशन मिळतं हे विचारलं की सगळ्यांना एकदम चहा आठवतो.

आम्ही पॅकेज घेतलं नाही. मॅडमचं अजून एक पेड सेशन घेतलं, ते वसूल झालं. भाचीने आयएचएमचा आणि एका खासगीचा असे दोन्ही फॉर्म भरायचं ठरवलंय, दाजींनी कॅपचं रजिस्ट्रेशनही करून ठेवलंय, गुपचूप.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर भिंतीसमोर उभं राहायला जागा नसते. फोन करून मॅडमचीच वेळ मागा, दुसऱ्या सरांची नको, ते भिंतच वाचून दाखवतात. गाडी लांब लावून चालत या, कॉलेज रोडला टोइंगवाले फिरत असतात. आणि मार्कशीटची झेरॉक्स घरूनच न्या, मागतात, आणि खालचं झेरॉक्सचं दुकान एक ते चार बंद.