एबीओआय डिप्लोमेटचा अर्ज : इम्प्लांट करणाऱ्या आपल्या डेन्टिस्ट मंडळींसाठी सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

अमेरिकेत प्रॅक्टिस करणारे आपले बरेच मराठी डेन्टिस्ट हल्ली विचारतात की अमेरिकन बोर्ड ऑफ ओरल इम्प्लांटॉलॉजी, म्हणजे एबीओआय/आयडी, त्याचं डिप्लोमेट (बोर्डाची परीक्षा देऊन मिळणारा दर्जा) करावं का, एवढा वेळ आणि पैसा घालण्यासारखं आहे का त्यात, की नुसतं भिंतीवर लावायला अजून एक सर्टिफिकेट. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. माझं मत असं की करा, नक्की करा, आणि मुख्य म्हणजे अर्जाच्या प्रक्रियेसाठी करा. परीक्षा पास होण्याचा आनंद आहेच, पण माझ्या रोजच्या कामात खरा बदल झाला तो अर्ज भरताना, कारण स्वतःच्या जुन्या केसेस एकेक करून उघडाव्या लागतात आणि पाच-सात वर्षांनंतर त्या हाडाचं, त्या हिरडीचं, हाडात बसवलेल्या त्या स्क्रूचं, म्हणजे इम्प्लांटचं, काय झालंय ते डोळ्यांनी बघावं लागतं. एरवी आपण कुठे बघतो? क्राऊन (वरचा कृत्रिम दात) बसला, पेशंट खूश, पुढचा पेशंट खुर्चीत.

आधी हे बोर्ड नेमकं काय आहे ते, कारण यात भल्याभल्यांचा गोंधळ आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ इम्प्लांट डेन्टिस्ट्री (एएआयडी) ही 1951 साली सुरू झालेली संस्था, आणि तिच्या पाठबळावर उभं राहिलेलं सर्टिफिकेशन बोर्ड म्हणजे एबीओआय. अकॅडमीच्या स्वतःच्या पायऱ्या वेगळ्या, असोसिएट फेलो आणि मग फेलो, आणि बोर्डाची पायरी वेगळी, डिप्लोमेट. आयसीओआय नावाची तिसरी संस्था आहे, 1972 ची, तिचंही डिप्लोमेट आहे आणि ते पूर्ण वेगळं. म्हणजे एखाद्याच्या नावापुढे डिप्लोमेट लिहिलंय म्हटल्यावर कोणाचं डिप्लोमेट हे विचारायलाच हवं, पेशंटनेही आणि नोकरी देणाऱ्यानेही.

आता अर्धा स्टार. अमेरिकेत डेंटल असोसिएशनच्या बाजूने मान्यता मिळालेल्या स्पेशालिटी 12 आहेत आणि त्यात इम्प्लांट डेन्टिस्ट्री नाहीये. एबीओआय आहे ती अमेरिकन बोर्ड ऑफ डेंटल स्पेशालिटीज या दुसऱ्या छत्राखाली. त्यामुळे तुम्ही स्वतःला इम्प्लांटचे स्पेशालिस्ट म्हणून जाहिरात करू शकता का याचं उत्तर राज्याराज्यात बदलतं. टेक्सासमध्ये यावर अकॅडमी थेट कोर्टात गेली, 2016 मध्ये फेडरल कोर्टाने राज्याच्या डेंटल बोर्डाचा तो नियम चालणार नाही म्हणून सांगितलं आणि 2017 मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. तो निकाल मला मनापासून योग्य वाटतो, ज्याने वर्षानुवर्षं अभ्यास करून परीक्षा दिली त्याला ते खरं खरं सांगता आलं पाहिजे. पण तरी सर्टिफिकेट हातात आल्यावर लगेच वेबसाइटवर स्पेशालिस्ट लिहायच्या आधी आपल्या राज्याचा जाहिरातीचा नियम अक्षर न अक्षर वाचा. एवढ्या मेहनतीनंतर हे स्पष्टीकरण आपल्यालाच देत बसावं लागतं, म्हणून अर्धा कापला.

भारतातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. आपल्याकडे एमडीएसच्या (बीडीएसनंतरच्या पदव्युत्तर पदवीच्या) 9 शाखा आहेत, त्यात इम्प्लांटॉलॉजी स्वतंत्र शाखा नाही, ती प्रॉस्थो (कृत्रिम दात), पेरिओ (हिरड्या) आणि ओरल सर्जरीवाले आपापल्या अंगाने शिकतात. त्यामुळे पुण्यात नाहीतर नाशकात बसून कोणी अमेरिकन डिप्लोमेटचं स्वप्न दाखवून कोर्स विकत असेल तर एवढं लक्षात ठेवा की त्याने एमडीएस होत नाही. शिकायला मिळतं का, तर हो, अकॅडमीचे मॅक्सिकोर्स 300 तासांचे असतात आणि असोसिएट फेलोसाठी लागणारे तासही तेवढेच, त्यामुळे तो रस्ता सरळ आहे. डिप्लोमेटसाठी त्याहून बरेच जास्त तास लागतात, शिवाय काही वर्षांची प्रॅक्टिस आणि स्वतः केलेल्या केसेस. आकडे आणि फी बोर्डाच्या चालू हँडबुकातूनच घ्या, मित्राने सांगितलेले जुने आकडे धरून प्लॅन करू नका.

तासांचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं, कारण मी अकॅडमी ऑफ जनरल डेन्टिस्ट्रीची मेंबर आहे आणि तिथे प्रत्येक कोर्स विषयाच्या कोडने नोंदवला जातो, इम्प्लांटचा कोड 690. ट्रान्सक्रिप्ट काढलं की 690 वाले सगळे एका जागी. ज्यांनी कोर्सचे कागद ईमेलमध्ये, ड्रॉवरमध्ये, जुन्या लॅपटॉपवर असे विखरून ठेवलेत त्यांचे हाल होतात, माझ्या ओळखीतली एक ताई निव्वळ कागद गोळा करण्यात वैतागून गेली आणि तिचं काम माझ्यापेक्षा कितीतरी छान आहे.

ज्यांचं बीडीएस महाराष्ट्रातलं आहे त्यांनी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टची एक जास्तीची सीलबंद प्रत आधीच घेऊन ठेवा, इथे अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगच्या (परदेशी डेन्टिस्टांसाठीच्या इथल्या डिग्री प्रवेशाच्या) वेळी मागवली असेलच, तेव्हाच दोन मागवा. कधी कुठे लागेल सांगता येत नाही.

आता केसेस. इथे मी थोडं रेंगाळणार आहे.

या बोर्डाचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे सर्जरी आणि प्रॉस्थेसिस (वर बसवायचे कृत्रिम दात) दोन्ही अंगं आली पाहिजेत हा आग्रह. नुसता स्क्रू नीट बसवला, वरचं दुसरा कोणी बघेल, असं इथे चालत नाही, आणि नुसता सुंदर क्राऊन दाखवूनही चालत नाही. इम्प्लांटचं प्लॅनिंग दातापासून खाली हाडाकडे करायचं असतं हे सगळ्यांना पाठ आहे, पण ते खरंच केलं होतं का हे फाइल उघडल्यावर कळतं. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये किमान 3 मिलिमीटर, खालच्या जबड्यात नसेच्या वर 2 मिलिमीटर मोकळी जागा, हे आकडे झोपेत विचारले तरी आपण सांगू. पण हेच आकडे तुमच्याच सीबीसीटीवर (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनवर) स्वतः मोजून लिहायचे म्हटल्यावर नजर बदलते. अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांचे 1986 चे निकष, की पहिल्या वर्षानंतर दरवर्षी हाड 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी उतरलं पाहिजे, मी कॉलेजात व्हायव्हासाठी घोकले होते, आणि आता माझ्याच पेशंटच्या पेरिअ‍ॅपिकल एक्सरेवर (एकदोन दातांच्या छोट्या एक्सरेवर) थ्रेड, म्हणजे स्क्रूचे आटे, मोजत बसले तेव्हा ते निकष मला पहिल्यांदा खरे वाटले. आज क्लिनिकमध्ये रिकॉलला आलेल्या प्रत्येक इम्प्लांट पेशंटचा एक्सरे मी आधीच्या एक्सरेशेजारी ठेवून बघते, पॅरलल टेक्निकने, थ्रेड स्पष्ट दिसतील असा, आणि पेशंटलाही दाखवते.

कोणते रेकॉर्ड लागतात ते थोडक्यात: आधीचे फोटो, आधीचा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) नाहीतर सीबीसीटी, मेडिकल हिस्टरी (डायबेटिस असेल तर एचबीए1सी, हाडांसाठीच्या बिसफॉस्फोनेट गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं), सर्जरीच्या दिवसाची नोंद, किती टॉर्कला बसला, इम्प्लांटच्या डबीवरचं लॉट नंबरचं स्टिकर, लोडिंगच्या (इम्प्लांटवर दात चढवण्याच्या) दिवसाचा एक्सरे, शेवटचा क्राऊन किंवा डेंचर तोंडात असतानाचे फोटो, आणि नंतरचा फॉलोअप. यातला शेवटचा सगळ्यात अवघड, कारण पेशंट गाव बदलतो, इन्शुरन्स बदलतो, आणि दुखत नसेल तर येत नाही. फोनवर गोड बोलून, फॉलोअप एक्सरेचे पैसे न घेता बोलवावं लागतं. असोसिएट फेलो आणि फेलोच्या पायरीवर तुम्हाला केस मांडून परीक्षकांसमोर तिची बाजू लढवावी लागते, तिथे फॉलोअप नसलेली केस कितीही देखणी असली तरी कच्चीच. आणि हो, फोटो आणि स्कॅनवरून पेशंटचं नाव, जन्मतारीख सगळं काढायचं, सीबीसीटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव छापलेलं असतं ते खूप जणांच्या नजरेतून सुटतं.

यात मला झालेला खरा मनस्ताप एका जुन्या क्लिनिकचा, जिथे मी असोसिएट (नोकरीवरची डेन्टिस्ट) होते. मी सोडल्यावर ते क्लिनिक विकलं गेलं, सॉफ्टवेअर बदललं, आणि माझ्याच हातच्या केसेसचे स्कॅन मागितले तर कधी उत्तर नाही, कधी नुसते स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटवर काय मोजणार? स्कॅनची मूळ डायकॉम फाइल हवी. कायद्याने रेकॉर्ड क्लिनिकचं असतं हे मान्य, पण ज्याने काम केलं त्याला सर्टिफिकेशनसाठी ते बघायला मिळायला हवं. शेवटी बऱ्याच पेशंटनी स्वतः लेखी परवानगी देऊन स्वतःचे रेकॉर्ड मागवले तेव्हा काम झालं, त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही. नवीन लागणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, असोसिएट म्हणून काँट्रॅक्टवर सही करताना त्यात एक ओळ घालून घ्या की नोकरी सोडल्यावरही परीक्षा आणि सर्टिफिकेशनसाठी आपण केलेल्या केसेसचे रेकॉर्ड नाव काढून मिळतील. सुरुवातीला कोणी नाही म्हणत नाही, नंतर मात्र कोणी फोनही उचलत नाही.

परीक्षेबद्दल थोडं. पार्ट वन लेखी, कॉम्प्युटरवर, मल्टिपल चॉइस, आणि तो पास झाल्यावर पार्ट टू तोंडी. लेखीला अ‍ॅनाटॉमी, फार्मा, हाड कसं भरून येतं, ग्राफ्टचे प्रकार, ऑक्लुजन (वरखालचे दात कसे जुळतात ते), मेडिकल इमर्जन्सी, सगळं पक्कं हवं. मिशचं हाडाच्या घनतेचं डी1 ते डी4 आणि लेकहोम-झार्बचं 1985 चं वर्गीकरण, दोन्ही करा, एकावर भागत नाही. पेरी-इम्प्लांटायटिससाठी (इम्प्लांटभोवती सूज येऊन हाड झिजणं) 2017 च्या वर्ल्ड वर्कशॉपच्या व्याख्या वाचा, जुन्या नोट्समध्ये त्या नाहीत. तोंडीला मात्र पाठांतर पुरत नाही, तिथे कारण सांगता आलं पाहिजे. साइनस लिफ्ट (वरच्या जबड्यात सायनसचा पडदा उचलून हाड वाढवणं) बाजूने का केली, वरून का नाही, चारऐवजी सहा इम्प्लांट का, लगेच लोड का केलं, थांबायला काय हरकत होती. मी रोज संध्याकाळी नवऱ्याला समोर बसवून केस समजावून सांगायचे, तो आयटीवाला, त्याला कळलं नाही तर समजायचं की माझंच उत्तर अजून स्वच्छ नाहीये. तयारीसाठी मी एका कोचिंगवाल्यांचा महागडा ऑनलाइन पॅक घेतला होता, शंभर टक्के पासची हमी वगैरे, त्यातले अर्धे प्रश्न जुने आणि काही उत्तरं चक्क चुकीची. त्यापेक्षा चार जणांचा अभ्यासगट करा, एक ओरल सर्जन, एक प्रॉस्थो, दोन जनरल डेन्टिस्ट असा मिळाला तर उत्तम, आणि एकमेकांच्या केसेस निर्दयपणे तपासा.

खर्च म्हणाल तर परीक्षेची फी हा त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग कोर्सेस, प्रवास, हॉटेल, आणि क्लिनिक बंद ठेवलेले दिवस. पुन्हा डिप्लोमेट झाल्यावरही ते टिकवावं लागतं, शिकत राहावं लागतं, एकदा मिळालं म्हणजे जन्मभराचं झालं असं नाही आणि तसंच असायला हवं, कारण या क्षेत्रात दहा वर्षांपूर्वीचं प्लॅनिंग आणि आजचं यात फार फरक पडलाय. याने पेशंट वाढतात का? माझ्याकडे थोडे वाढले, पण रेफरल देणाऱ्या डॉक्टरांचा विश्वास जास्त वाढला, अवघड केस निःशंक पाठवतात.

रेकॉर्डचाच एक विषय जाता जाता, पेशंट म्हणून वाचणाऱ्यांसाठी. दरवर्षी डिसेंबरमध्ये भारतात जाऊन इम्प्लांट करून येणारे आपले लोक पुष्कळ आहेत, तिथे काम छान होतं, मी स्वतः छान झालेली कामं बघितलीत. पण इथे आल्यावर स्क्रू सैल झाला की माझ्याकडे येतात आणि कोणत्या कंपनीचा इम्प्लांट आहे विचारलं तर माहीत नसतं. बाहेरून बघून कंपनी ओळखता येत नाही, एक्सरेवरून अंदाज बांधावा लागतो, आणि प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि ड्रायव्हर वेगळा. तेव्हा परत निघायच्या आधी तिथल्या डॉक्टरांकडून इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, स्टिकर चिकटवलेलं, आणि स्कॅनची सीडी किंवा लिंक. चांगला डॉक्टर आनंदाने देतो.

अर्ज करणाऱ्यांपैकी ज्यांनी इम्प्लांट नुकतेच सुरू केलेत त्यांनी सध्या असोसिएट फेलोकडे बघा, डिप्लोमेटची घाई नको. ज्यांच्याकडे वर्षं आहेत, सर्जरी आणि प्रॉस्थेसिस दोन्ही स्वतः करताय, त्यांनी हँडबुक उतरवून घ्या, 690 चं ट्रान्सक्रिप्ट काढा आणि सगळ्यात जुने जे पाच इम्प्लांट पेशंट आठवतात त्यांना या आठवड्यात फोन करून एक्सरेला बोलवा. अर्जाचं काही कोणाला अडलं तर विचारा, मला जेवढं माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.