टर्नटेबलचा हम काढायला दिला, १३,८०० रुपये गेले आणि कार्ट्रिजही गेली

पुण्यात कोणी "जुने रेकॉर्ड प्लेयर घरी येऊन दुरुस्त करतो" म्हणत असेल आणि आल्या आल्या मोटरचं कॉइल लीक झालंय असं सांगायला लागला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका, सरळ वाटेला लावा. माझे १३,८०० रुपये गेलेत. पण पैशांपेक्षा जीव जळतोय तो बाबांच्या कार्ट्रिजसाठी, म्हणजे आर्मच्या टोकाला सुई धरणारा तो छोटा भाग.

मशीन थोरेन्स टीडी १६०. बाबांनी नोकरीत असताना हप्त्याहप्त्याने पैसे देऊन एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेलं. त्याला श्युअरची व्ही-१५ टाइप थ्री. श्युअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदाच बंद केला, त्यामुळे ही आता दुकानात जाऊन घेता येत नाही, आणि हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दिवाळीच्या साफसफाईत मशीन जरा सरकवलं आणि तेव्हापासून स्पीकरमधून सारखं हंऽऽऽ, यालाच हम म्हणतात. बाबा नाट्यगीतं लावायचे आणि दोन मिनिटांत बंद करायचे. ते बघवेना म्हणून मी शोधाशोध केली, एका ओळखीच्यांनी नंबर दिला, आणि हा माणूस आला. व्हिजिटचे ५०० रोख.

आता नीट वाचा. मशीन बंद होतं. प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची चकती, फिरत नव्हता, मोटरचा स्विच ऑफ, फक्त अँप्लिफायर चालू, आणि हम तस्साच. त्याने टोनआर्मला, म्हणजे सुईच्या दांडीला, बोट लावलं तर आवाज एकदम वाढला, बोट काढलं की कमी. आणि हे सगळं माझ्यासमोर करून हा म्हणतो, "ताई, मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतलं कॉइल, गेलंय." अहो, मोटरला करंटच जात नाहीये तर ती आवाज कुठून करणार! आर्मला हात लावल्यावर हम बदलतो म्हणजे आर्मला अँप्लिफायरच्या पत्र्याशी जोडणारी ग्राउंड वायर तुटलीय, एवढं सरळ आहे ते. हा क्षण रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. पण मी बँकेत काम करते, मला वाइंडिंग काय आणि ग्राउंड काय, डॉक्टरने सांगितलेलं आपण ऐकतो तसं मी ऐकलं, कोणीही ऐकलं असतं.

४,००० अ‍ॅडव्हान्स यूपीआयने घेतले आणि मशीन घेऊन गेला. मग फोन, की रिवाइंडिंगचे ६,५०० लागतील. मग पुन्हा फोन, आतली वायर सडलीय, इम्पोर्टेड शील्डेड वायर टाकतो, २,८००. बिल मागितलं तर "ताई आपल्यात कसलं बिल". मशीन परत आणलं, घरी जोडलं, आणि लगेच मोठ्या आवाजात एक तबकडी लावली. गाणं चालू असताना हम कुणाला ऐकू येणार? चेक करायचं ते सुई उचलून, अँप्लिफायरवर फोनो (रेकॉर्ड प्लेयरचं इनपुट) सिलेक्ट करून, व्हॉल्यूम हळूहळू वाढवत. शांततेत काय ऐकू येतं तेच खरं. त्याने मला तेवढा वेळच दिला नाही, बोलत राहिला, बोलत राहिला.

त्याच गडबडीत त्याने अँप्लिफायरचा थ्री-पिन प्लग उघडून अर्थची वायर कापली. "जुन्या मशीनला अर्थिंग चालत नाही." हम थोडा कमी झाला, म्हणून आम्ही खूश. दोन-तीन उपकरणं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाली असली की लूप होतो, एकाचं अर्थ कापलं की लूप तुटतो आणि आवाज उतरतो, पण मग आतल्या आत फेज बॉडीला लागला तर करंटला जायला वाट फक्त तुमचा हात! पुढच्याच आठवड्यात बाबांना अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या. ७८ वर्षांचा माणूस. कोणीही, कितीही मोठा कारागीर असो, अर्थ कापायचं म्हणाला तर तिथेच हाकला.

मग दुसऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे नेलं. त्यांनी तळाची फळी उघडली आणि मला जवळ बोलावलं. मोटरवर वर्षानुवर्षांची राखाडी धूळ जशीच्या तशी, स्क्रूच्या खाचेत सुद्धा धूळ बसलेली. स्क्रू ड्रायव्हर लागलेलाच नाही. वायर तीच जुनी. मल्टिमीटरची एक पिन टोनआर्मला, दुसरी ग्राउंड वायरच्या टोकाला लावली तर बीप नाही. ती बारीक वायर टोकाच्या चिमट्याजवळ प्लास्टिकच्या आत तुटलेली, वरून धडधाकट. चिमटा बदलून डाग दिला, हम गेला. अर्थची वायरही परत जोडली. ४५० रुपये. त्यांनीच समजावलं की सुईतून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, फोनो स्टेज ते शंभरेक पटीने वाढवतं आणि वर खर्जाला जास्त उचल देतं, म्हणून ५० हर्ट्झची घरची वीज तिथे सगळ्यात आधी घुसते.

आणि मग ते म्हणाले, "ही श्युअर नाही." सुई तबकडीवर किती दाबते ते मोजायचा काटा लावला तर वजन ३ ग्रॅम! व्ही-१५ला साधारण १ ग्रॅम पुरतं. साधी स्वस्तातली कार्ट्रिज लावून दिली होती, आणि त्या वजनाने बाबांच्या तबकड्या वाजत होत्या. मशीन देताना कार्ट्रिज काढून घरी ठेवा. निघत नसेल तर सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि तेच फोटो त्याला व्हॉट्सअ‍ॅप करून "मिळालं" असं लिहून घ्या.

त्याचा फोन बंद. चौकीत गेले. "मॅडम हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं वस्तू बदललीय, ही चोरी आहे, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तर म्हणे बिल आणा. चोर बिल देतो का? एकाने विचारलं त्या डबड्याची किंमत काय, दुसरा म्हणाला मोबाइलवर ऐका की गाणी. अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात, साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलं की ते साहेब बंदोबस्तात. यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवला तर "पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना". हो, दिले, कामाचे दिले, काम कुठाय? बाबा माझ्यासोबत बाकावर बसलेले, त्यांना एकाने पाणी विचारलं नाही. लाखांचं काही असतं तरच हे उठणार का? पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, मी शेवटी तेच केलं.

ग्राहक आयोगात जाता येतं, दुरुस्ती ही सेवाच आहे. ५ लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. तिथे बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि चॅट जोडता येतात, मी सगळं जोडतेय, रोख दिलेले ५०० मात्र कागदावर कुठेच नाहीत. रोख देऊ नका.

तुमचं मशीन आत्ता कुणाकडे दुरुस्तीला पडलं असेल तर आजच जा आणि आर्म उचलून कार्ट्रिजवरचं नाव वाचून या.