ट्रिपच्या बोनसवर नोकरी धरणाऱ्या ड्रायव्हर भावांसाठी

पगार थोडा आणि बोनस भरपूर, अशी नोकरी गोव्यात कोणी देऊ केली तर आधी हे वाचा. सिंधुदुर्गातून इकडे गाडी चालवायला येणाऱ्या पोरांनी तर नक्कीच.

आम्हाला सांगितलं होतं ते असं: वेर्ण्याला माल भरायचा, अनमोड घाटातून हुबळीला पोचवायचा. पगार १५ हजार. वर प्रत्येक ट्रिपला ७०० रुपये, डिझेल वाचवलं तर त्यात वाटा, हजेरीचा बोनस वेगळा. ऐकताना महिन्याचे २५-२६ हजार कुठेच गेले नाहीत असं वाटायचं. आमच्यातले बरेच जण डिचोली-सत्तरीत खनिजाच्या गाड्यांवर होते. तिथे ट्रिप मारली की पैसे, सरळ हिशेब. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मग मार्च २०१८ मध्ये पुन्हा, आणि मिळेल त्या गाडीवर जावं लागलं. ट्रिपचे पैसे कोणी बुडवेल असं आमच्या मनातही नव्हतं, आणि शेटला ते चांगलं ठाऊक होतं.

खरी मेख डिझेलमध्ये होती. अ‍ॅव्हरेज ठरवलं लिटरला साडेचार किलोमीटरचं. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर ते मिळेलही. भरलेली दहा चाकी घाट चढते खालच्या गिअरमध्ये, तिथे कुठून येणार? हिशेब करून बघा. जाऊन-येऊन ३६० किलोमीटर धरले तर साडेचारने ८० लिटर लागायला हवं. गाडीने प्रत्यक्षात ३.६ दिलं की १०० लिटर जातं. वरचे २० लिटर ड्रायव्हरच्या नावावर. लिटरला ९० धरले तरी १,८०० रुपये. म्हणजे ७०० चा बोनस गेलाच, शिवाय उरलेले पगारातून वळते. आणि अ‍ॅव्हरेज मोजणार कोण? शेटचा सुपरवायझर, शेटच्या वहीत.

बोनसची जी रक्कम उरायची तीही 'जमा' राहायची, दिवाळीला एकदम देतो म्हणून. चतुर्थीला कोणी घरी गेला की हजेरीचा बोनस रद्द. गोव्यात चतुर्थीला घरी न जाणारा ड्रायव्हर मला दाखवा! दिवाळी जवळ आली की जुन्या ट्रिपांच्या तक्रारी निघायच्या: माल भिजला होता, पावतीवर शिक्का नव्हता. कंटाळून नोकरी सोडली तर 'जमा' सगळं त्यांचं.

सगळ्यात मोठी लबाडी शेवटी. आमच्याच इन्सेंटिव्हमधले थोडे पैसे हातावर ठेवले आणि 'वार्षिक बोनस मिळाला' अशा कागदावर सही मागितली. ती सही देऊ नका. वार्षिक बोनस ही वेगळी गोष्ट आहे. १९६५ च्या बोनस कायद्याप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला, वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर निदान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागायचा, धंद्यात तोटा झाला तरी. नोकरी मध्येच सोडली म्हणून तो बुडत नाही. आता हा विषय नव्या वेतन संहितेत गेला आहे, ८.३३ टक्के तिथेही कायम आहेत.

वेळेआधी पोचण्याच्या बोनसचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पावसात, धुक्यात, अनमोडच्या वळणांवर माणसाला पैशाने पळवायचं, आणि गाडी दरीत गेली तर ड्रायव्हर बेफिकीर ठरवायचा. असा बोनस जिथे आहे तिथे मी कोणालाही जा म्हणणार नाही.

जाणारच असाल तर आधी विचारा: अ‍ॅव्हरेज भरलेल्या गाडीचं की रिकाम्या? घाटासाठी वेगळं आहे का? पैसे कोणत्या तारखेला माझे होणार? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. डिझेल भरताना दर वेळी मीटरचा आणि पंपाच्या बिलाचा फोटो काढा, मालाच्या चलनाचाही. नुकसानीचे पैसे कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि पगारातून मनाला येईल तेवढं कापता येत नाही.

आमच्यातल्या ज्यांच्याकडे असे फोटो होते, ते पणजीला पाटो भागात श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेले. बोलणं झाल्यावर त्यांची 'जमा' रक्कम बरीचशी सुटली. डिझेलच्या नावावर कापलेल्या पैशांचा वाद अजून चालू आहे. तुमच्याही बाबतीत असं घडलं असेल तर बँकेत आलेल्या पगाराच्या नोंदी आणि सुपरवायझरचे मेसेज पुसू नका. तिथे पहिल्यांदा तेच मागतात.